पुलर एक, ट्रॉल्या अनेक

मैत्रिणींनो, सातारा-सांगलीत गळीत हंगाम तोंडावर आलाय. उसाच्या ट्रॉलीचं चाक डुगडुगतंय, हब तापतोय? मग बेअरिंग तपासा. घट्ट बसलेलं बेअरिंग हातोड्यानं ठोकून काढलं, तर एक्सलही खराब होतो. त्यासाठी पुलर लागतो. पण वर्षात एकदोनदा लागणाऱ्या वस्तूसाठी प्रत्येकीनं पैसे का घालायचे? गटानं मिळून एकच घ्या. थोडं भाडं ठरवा, वहीत नोंद ठेवा. बाजारात जाताना बेअरिंगचं माप लिहून न्या. पुलरच्या पकडीत ते बसायला हवं.

आणि ताई, नुसत्या जॅकवर भरवसा नको. ट्रॉली रिकामी करा, बाकीच्या चाकांना दगड लावा, एक्सलखाली पक्की घोडी ठेवा. अवजार परत घेता येतं, माणूस नाही.