बिल मालकाचं, टिप वाढणाऱ्याची

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 भंडारा, लाखनी, साकोली असा आपल्या जिल्ह्यातून आरपार जातो. त्याच्या दोन्ही अंगांना ढाबे, सावजी भोजनालयं आणि फॅमिली रेस्टॉरंटं आहेत. नागझिऱ्याला निघालेले पर्यटक तिथे थांबतात, निवृत्तीचा निरोप समारंभ तिथे होतो, बायकांची भिशी तिथे भरते आणि धानाचा पैसा हातात आला की शेतकऱ्याचं कुटुंबही तिथे जेवून घेतं. जेवण झालं, बडीशेप आली, की टेबलावर तीन वेगवेगळे हिशोब एकदम येऊन पडतात: मालकाला किती द्यायचे, वाढणाऱ्याला किती द्यायचे आणि आपापसात कुणी किती काढायचे. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे तीन हिशोब एकमेकांत मिसळू देऊ नयेत. ते मिसळले की नुकसान होतं, आणि ते नेहमी टेबलावरच्या किंवा टेबलामागच्या सर्वांत गरीब माणसाचं होतं.

आधी मालकाचा हिशोब. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर 5 टक्के जीएसटी लागतो. त्यातला अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. एसी आणि बिगर-एसी हा फरक नोव्हेंबर 2017 मध्येच संपला. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या भोजनालयाला नोंदणीचीच सक्ती नाही, त्यामुळे त्याने कर लावण्याचा प्रश्न येत नाही. छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलवाल्याने कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. ग्राहकाकडून वेगळा घ्यायचा नसतो, आणि तसं त्याच्या बिलावर छापलेलं असावं लागतं. म्हणून बिलात जीएसटीची ओळ दिसली की वरच्या बाजूला जीएसटी क्रमांक आहे का, हे आधी पाहावं.

बिलात कधी कधी ‘सर्व्हिस चार्ज’ अशी आणखी एक ओळ असते. तो सरकारी कर आहे असं समजून लोक मुकाट्याने भरतात. तो कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढून सांगितलं, की कोणत्याही हॉटेलाला हा आकार परस्पर बिलात घालता येणार नाही, दुसऱ्या नावाने वसूल करता येणार नाही आणि जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटीही लावता येणार नाही. हॉटेलचालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, सूचनांना काही काळ स्थगितीही मिळाली. पण 28 मार्च 2025 रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी त्या सूचना कायम ठेवल्या आणि याचिका फेटाळताना प्रत्येकी 1 लाख रुपयांचा खर्चही लावला. संघटनांनी त्याविरुद्ध पुढे अपील केलं, हेही सांगितलं पाहिजे.

सर्व्हिस चार्जच्या बाजूने केला जाणारा एक युक्तिवाद मात्र मला वजनदार वाटतो. टिप फक्त समोर आलेल्या वेटरला मिळते. भट्टीपुढे उभा असलेला आचारी आणि मागे भांडी घासणारी बाई ग्राहकाला दिसतच नाहीत. सर्व्हिस चार्ज घेतला तर तो सगळ्यांत वाटता येतो, असं मालक म्हणतात. वाटता येतो हे खरं. वाटला गेला का, हे ग्राहकाला कळण्याची सोय बिलात नाही. बिलात शिरलेला पैसा मालकाच्या खात्यात जातो आणि तिथून पुढे त्याचं काय होतं, ते मालकाच्या नीतीवर राहतं. काउंटरवर टिपचा डबा ठेवून रात्री सगळ्यांनी मिळून वाटून घेणं, हा त्यावरचा साधा आणि उघडा मार्ग आहे. डबा असेल तर मी डब्यात टाकण्याच्याच बाजूने आहे.

टिप मालकाची नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानेही आयटीसीच्या प्रकरणात 2016 मध्ये वेगळ्या संदर्भात स्पष्ट केलं. कार्डाने भरलेली टिप हॉटेलने कर्मचाऱ्यांना दिली तर तो पगार धरायचा का, असा आयकराचा मुद्दा होता. न्यायालय म्हणालं, नाही; ती ग्राहकाने दिलेली रक्कम आहे, मालकाने दिलेला मोबदला नव्हे. टिप कुणाची, हा मुद्दा आज महामार्गावरच्या ढाब्यापर्यंत येऊन पोचला आहे, कारण रोख नोटा खिशातून गेल्या आणि सगळे मोबाइलने पैसे देऊ लागले. काउंटरवरचा क्यूआर कोड मालकाचा असतो. ‘वरचे पन्नास पोराला द्या’ म्हणून बिलापेक्षा जास्त रक्कम स्कॅन केली, तर ते पन्नास मालकाच्या खात्यात जातात. पूर्वी सुट्टे पैसे बडीशेपेच्या ताटलीत राहायचे आणि वाढणाऱ्याला मिळायचे. आता बिल पैशापर्यंत चोख भरलं जातं आणि ताटली रिकामी जाते. वेटरच्या मोबाइलवर स्वतःचा कोड असतो. तो मागून घेण्यात संकोच कसला?

किती द्यावी? अमेरिकेतली 20 टक्क्यांची रीत इथे आणण्याचं कारण नाही. तिथे टिपवर जगणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवर थांबलेलं आहे आणि उरलेला पगार ग्राहकाने पुरा करायचा, अशी ती व्यवस्था आहे. आपल्याकडे हॉटेल कामगाराला किमान वेतन लागू आहे आणि ते देणं मालकाचं काम आहे. टिप देणं म्हणजे मालकाला त्यातून सोडवणं, असा आक्षेप विचारी माणसं घेतात. तो तत्त्वतः बरोबर आहे. पण आपण टिप थांबवली म्हणून पगार वाढत नाही, फक्त त्या रात्रीची मिळकत कमी होते. कर वगळून जेवणाच्या रकमेवर 5 ते 10 टक्के मला रास्त वाटतात. मालक स्वतःच वाढतो अशा छोट्या खानावळीत टिपची गरज नाही.

आता आपापसातला हिशोब. समजा, साकोलीजवळ सहा सहकारी जेवले. चौघांनी मटण घेतलं, प्रत्येकी 490 रुपयांचं; दोघांनी शाकाहारी थाळी, प्रत्येकी 220 ची. जेवण 2,400, जीएसटी 120, टिप 240, एकूण 2,760. सरसकट वाटणी केली तर प्रत्येकी 460. ज्याने जे खाल्लं त्याप्रमाणे कर धरला आणि टिप सगळ्यांत सारखी वाटली, तर थाळीवाल्याचे होतात 271 आणि मटणवाल्याचे 554 रुपये 50 पैसे. म्हणजे सरसकट वाटणीत थाळीवाला 189 रुपये जास्त भरतो. टिप सारखी वाटायची, कारण वाढणाऱ्याने खेपा सगळ्यांसाठी घातल्या.

सरसकट वाटणीने एकूण बिलही फुगतं. अर्थशास्त्रज्ञ उरी नीझी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इस्रायलमध्ये केलेला याबद्दलचा प्रयोग 2004 साली प्रसिद्ध झाला. सहा-सहा अनोळखी विद्यार्थ्यांना रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसवलं. आपापलं भरायचं होतं तेव्हा प्रत्येकी सरासरी सुमारे 37 शेकेलचं खाणं झालं. बिल सारखं वाटायचं ठरलं तेव्हा सुमारे 51 चं. विचारल्यावर बहुतेकांनी पसंती दिली ती आपापलं भरण्याला.

मित्रांत असा हिशोब करणं कोतेपणाचं, आज मी दिले उद्या तू दे, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मिळकती सारख्या असतील आणि बसणं वारंवार होत असेल, तर ती रीत उत्तमच आहे. तिथे कागद-पेन्सिल आणू नये. पण आपल्याकडे एकाच टेबलावर कायम नोकरीतला आणि कंत्राटी, मास्तर आणि शिपाई, बागायतदार आणि मजुरीवर जाणारा शेजारी असे बसतात. कंत्राटी माणूस 189 रुपयांबद्दल तोंडाने कधीच बोलणार नाही. तो पुढच्या वेळी काहीतरी कारण सांगून येणार नाही, एवढंच. म्हणून ‘टीटीएमएम’ (तुझं तू, माझं मी) करायचं की सारखी काँट्री काढायची, हे मेनू हातात येण्याआधी, आणि ज्याची मिळकत जास्त आहे त्याने बोलून ठरवावं. त्याला सगळ्यांचं बिल भरावंसं वाटलं तर तेही त्याने तेव्हाच सांगावं.

या दिवाळीत बाहेर जेवायला जाल तेव्हा दहा-वीसच्या चार नोटा खिशात असू द्या. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला सांगा. काढला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि तिथे मराठीतही तक्रार घेतात.