विश्लेषण : रिपोर्ट ‘नॉर्मल’, तरी तळपाय का जळतात? मज्जातंतूंच्या चाचण्या नेमके काय मोजतात?

रात्री तळपायांची आग होते, पायांवर चादरही सहन होत नाही, बोटांना सतत मुंग्या येतात. मधुमेह असलेल्या अनेकांची ही तक्रार असते. डॉक्टर ‘एनसीव्ही’ करायला सांगतात. हातापायांना विजेचे छोटे झटके बसतात, काही हजार रुपये खर्च होतात आणि रिपोर्टच्या शेवटी एकच ओळ येते : ‘स्टडी विदिन नॉर्मल लिमिट्स’. घरचे म्हणतात, काही निघाले नाही, उगाच टेन्शन घेऊ नका. पाय मात्र जळतच राहतात.

अशा वेळी बहुतेकदा मशीन चुकलेले नसते आणि रुग्णही खोटे बोलत नसतो. मशीन जे मोजू शकते तेवढे त्याने मोजले. दुखणे मात्र त्याच्या टप्प्याबाहेर होते.

हे दुखणे वेगळे कसे?

गुडघा आपटला की तिथले मज्जातंतू मेंदूला खबर देतात. हे झाले नेहमीचे दुखणे. यात जखम खरी असते आणि घंटा बरोबर वाजते. मज्जातंतूंच्या दुखण्यात घंटेची वायरिंगच बिघडलेली असते. म्हणून जखम दिसत नाही, सूज नसते, पण जळजळ, करंट लागल्यासारखी कळ, टाचण्या टोचल्याची भावना किंवा बधिरपणा असतो.

रुग्ण वापरतो ते शब्द हीच पहिली चाचणी असते. फ्रान्समध्ये तयार झालेली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘डीएन-४’ ही प्रश्नावली याच तत्त्वावर चालते. त्यात १० मुद्दे आहेत : सात विचारायचे, तीन त्वचेवर तपासून पाहायचे. चार किंवा अधिक उत्तरे ‘हो’ आली, तर दुखणे मज्जातंतूंचे असण्याची शक्यता बरीच वाढते. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटे.

मराठीत एक घोळ होतो. ‘नस’ हा शब्द आपण रक्तवाहिनीसाठीही वापरतो आणि मज्जातंतूसाठीही. ‘नस दबली’ म्हणत अनेक जण पायाचा डॉपलर करून येतात. डॉपलरमध्ये रक्ताचा प्रवाह दिसतो, मज्जातंतूंचे काम नाही.

एनसीव्हीत काय होते?

ही चाचणी म्हणजे शाळेतले ‘वेग म्हणजे अंतर भागिले वेळ’ हे गणित. मनगटापाशी झटका दिला आणि कोपरापाशी झटका दिला, तर तळहाताच्या स्नायूपर्यंत संदेश पोहोचायला लागणाऱ्या वेळेत फरक पडतो. दोन्ही जागांमध्ये २० सेंटिमीटर अंतर असेल आणि फरक चार मिलिसेकंदांचा असेल, तर वेग झाला सेकंदाला ५० मीटर. हाताच्या मज्जातंतूंसाठी हा आकडा साधारण ठीक मानला जातो. पायांत तो ४० च्या वर असला तरी चालतो.

हा वेग पहिल्यांदा मोजला जर्मन शास्त्रज्ञ हर्मन हेल्महोल्ट्झ यांनी, १८५० च्या सुमारास, बेडकाच्या पायावर. मज्जातंतूंतला संदेश इतका वेगवान असणार की तो कधी मोजता येणार नाही, असे त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांना वाटत होते. प्रत्यक्षात तो सेकंदाला २५ ते ४० मीटरच्या दरम्यान निघाला. म्हणजे धावत्या रेल्वेइतकाच.

आता मूळ प्रश्न. मज्जातंतू ही एक तार नसते, ती हजारो तारांची केबल असते. त्यातल्या जाड तारांवर मायलिनचे आवरण असते. त्या स्पर्श, कंपन आणि स्नायूंचे आदेश वेगाने नेतात. जळजळ आणि उष्णता कळवणाऱ्या तारा अगदी बारीक असतात. त्यांतल्या सर्वांत बारीक तारांवर मायलिन नसते आणि त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपल्या चालण्याच्या वेगाइतका. एनसीव्ही मोजते ती फक्त जाड तारांची हालहवाल. बारीक तारांचा संदेश इतका क्षीण आणि विस्कळीत असतो की नेहमीच्या मशीनवर तो उमटतच नाही.

मधुमेहात अनेकांच्या बारीक तारा आधी खराब होतात. त्यामुळे तळपायांची आग होत असताना एनसीव्ही नॉर्मल येणे यात विसंगती काहीच नाही. ‘मानसिक आहे’ असा शिक्का मारण्यापूर्वी हे माहीत असायला हवे.

बारीक तारांसाठी त्वचेची बायोप्सी असते. घोट्याच्या सुमारे १० सेंटिमीटर वर त्वचेचा तीन मिलिमीटरचा तुकडा घेतात, त्यावर विशेष रंगद्रव्याची प्रक्रिया करतात आणि वरच्या थरात मज्जातंतूंची किती टोके उरली आहेत ते मोजतात. टाके घालावे लागत नाहीत. मात्र ही चाचणी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होत नाही आणि प्रत्येकाला तिची गरजही नसते. अनेकदा टाचणीचा आणि थंड वस्तूचा स्पर्श कितपत कळतो, हे तपासूनच डॉक्टरांना अंदाज येतो.

एनसीव्ही मग निरुपयोगी?

अजिबात नाही. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकल्यावर बरे वाटते, अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होतात. हे मनगटात मज्जातंतू दबल्याचे, म्हणजे कार्पल टनेलचे चित्र आहे. येथे एनसीव्ही पैसे वसूल करते, कारण वेग नेमका मनगटापाशी मंदावलेला दिसतो आणि दाब किती आहे तेही कळते.

अशक्तपणाच्या आजारांतही ती महत्त्वाची असते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा हे नाव घराघरांत पोहोचले. त्या आजारातही पहिल्या काही दिवसांत एनसीव्ही जवळपास नॉर्मल येऊ शकते. म्हणून डॉक्टर ती काही दिवसांनी पुन्हा करायला सांगतात. त्यात फसवणूक नसते.

वेळेचे हेच गणित ‘ईएमजी’ला लागू होते. यात स्नायूत बारीक सुई घालून त्याची विद्युत हालचाल ऐकतात. सुईतून करंट देत नाहीत, ही भीती अनेकांना विनाकारण असते. मणक्यात मज्जातंतूचे मूळ दबल्यावर स्नायूतल्या ठळक खुणा दिसायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. कंबर धरल्याच्या चौथ्या दिवशी केलेली ईएमजी म्हणूनच फारसे काही सांगत नाही.

एमआरआयमध्ये ‘बल्ज’ आला म्हणजे?

एनसीव्हीमध्ये काही सापडत नाही म्हणून लोक घाबरतात. एमआरआयची भीती उलटी, त्यात फार काही सापडते. कंबरदुखी अजिबात नसलेल्या लोकांच्या स्कॅनवरील अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या ३० टक्के लोकांमध्ये चकती फुगलेली, म्हणजे ‘डिस्क बल्ज’ दिसते. ऐंशीच्या घरात हे प्रमाण ८४ टक्क्यांवर जाते. कुणालाही दुखत नव्हते, हे पुन्हा सांगायला हवे.

त्यामुळे रिपोर्टमधला बल्ज आणि पायातली कळ यांचा मेळ बसतो का, हा खरा प्रश्न. पाचव्या कटी मज्जातंतूचे मूळ दबले, तर बधिरपणा सहसा पावलाच्या वरच्या भागात आणि अंगठ्याकडे येतो. त्याखालचे मूळ दबले, तर करंगळीच्या बाजूला. स्कॅन डाव्या बाजूचा दाब दाखवत असेल आणि कळ उजव्या पायात जात असेल, तर त्या बल्जवर शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतलेले बरे.

याला अपवाद आहे. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेच्या आतली बैठकीची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद गेली किंवा पाऊल उचलताच येत नसेल, तर थांबायचे नाही. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालयात जायचे. तिथे एमआरआयला उशीर झाला, तर नुकसान कायमचे होऊ शकते.

दुखत नाही, ते जास्त धोक्याचे

मधुमेहात याची दुसरी बाजू फार बोलली जात नाही. अनेकांचे मज्जातंतू बरेच खराब झालेले असतात, पण पाय दुखतच नाहीत. चप्पल कधी निसटली ते कळत नाही, तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही आणि काचेचा तुकडा रुतलेला दुसऱ्या दिवशी मोज्यावरच्या रक्ताने कळतो. अशाच जखमा चिघळून पाय गमावण्याची वेळ येते.

हे पकडणारे साधन आहे नायलॉनचा एक धागा. तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. डोळे मिटून बसलेल्या रुग्णाच्या तळपायावर तो टेकवायचा आणि ‘लागले का?’ विचारायचे. सोबत १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंपन जाणवते का, ते पाहायचे. मधुमेहींनी वर्षातून एकदा तरी ही तपासणी करून घ्यायची असते. दवाखान्यात मोजे-बूट काढायला सांगितलेच नाही, तर आपणहून काढावेत.

हाताने होणाऱ्या आणखी एका तपासणीचा संबंध महाराष्ट्राशी जवळचा आहे. राज्यात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण अजूनही सापडतात. कोपराच्या मागून जाणारा मज्जातंतू बोटांनी चाचपल्यावर जाड आणि दुखरा लागला, त्वचेवर बधिर चट्टा असला, तर निदानाची दिशा तिथेच मिळते. आजार औषधांनी बरा होतो. उशीर झाला, तर बोटे वाकडी होतात.

आधी स्वस्त, मग महाग

रक्ताच्या साध्या तपासण्या या रांगेत पुढे हव्यात : तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, जीवनसत्त्व बी १२, थायरॉइड, मूत्रपिंडाचे काम. बी १२ कमी असणे शाकाहारी लोकांत सर्रास आढळते. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्यानेही काहींचे बी १२ घटते. म्हणजे पाय जळण्याचे कारण साखर नसून तिच्या गोळीमुळे घटलेले जीवनसत्त्व असू शकते आणि ते भरून काढता येते. गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही.

एनसीव्ही सांगितली असेल, तर त्या दिवशी हातापायांना तेल किंवा क्रीम लावू नये. पेसमेकर असल्यास आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू असल्यास आधीच सांगावे. आणखी एक गोष्ट प्रतीक्षागृहातल्या एसीची. अंगाचे तापमान एक अंशाने घटले की मज्जातंतूचा वेग सेकंदाला साधारण दीड ते अडीच मीटरने कमी होतो. गार हातावर घेतलेला ४६ चा आकडा ऊबदार हातावर ५४ येऊ शकतो. हात थंड पडले असतील, तर झटके सुरू होण्यापूर्वी तंत्रज्ञाला ते गरम करून घ्यायला सांगावे आणि त्वचेचे तापमान रिपोर्टवर लिहिले आहे का, ते पाहावे.