घरात तरुण लेक आहे. औषधाची बाटली कुठे आहे?

शेतकरी बंधू-भगिनींनो, या पानावर आपण एरवी बोंडअळी आणि खतांच्या मात्रा यांविषयी बोलतो. आजचा विषय अवघड आहे, पण तो फवारणीच्या बाटलीपाशीच येऊन थांबतो, म्हणून लिहितो.

मुलीचे कुणाशी जुळले आहे असे घरात कळते. मग फोन हिसकावला जातो, कॉलेज बंद होते, घाईने स्थळे पाहिली जातात. कधी त्या मुलानेच पाठ फिरवलेली असते आणि घरात कुणाला पत्ताच नसतो. अशा दिवसांत काही मुली स्वतःला इजा करून घेतात. ऐन उन्हाळ्यात पोर लांब बाह्या सोडत नाही, तिचे जेवण तुटते. 'नाटकं करते' म्हणून सोडून देऊ नका. अशा प्रत्येकीला मरायचेच असते असे नाही. आतली कळ तिला सोसवेनाशी झालेली असते.

मनात आलेला टोकाचा विचार पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो. पण तेवढ्यात हाताशी विष असले, तर ओसरायला सवडच राहत नाही. आणि त्या विषाला आपण 'औषध' म्हणतो! श्रीलंकेने १९९५ साली काही अतिविषारी कीटकनाशके बंद केली. पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. तिथली दुःखे काही संपली नव्हती. हाताशी येणारे विष तेवढे कमी झाले होते.

तेव्हा बाटल्या माळ्यावर, गोठ्यात, पलंगाखाली नकोत. कुलुपाची पेटी करा, किल्ली एकाच कर्त्या माणसाजवळ ठेवा, आणि लागेल तेवढेच विकत आणा. घरात असे वादळ उठले असेल, तर पेटी त्याच दिवशी घराबाहेर हलवा.

मग आईने, आत्याने किंवा थोरल्या वहिनीने मुलीला जवळ घेऊन सरळ विचारावे, "बाई गं, जीव नकोसा वाटतो का?" विचारल्याने तसले खूळ डोक्यात शिरते, ही समजूत खोटी आहे. ती बोलू लागली की त्या मुलाची जात काढू नका. लग्नाचा निर्णय महिनाभर थांबला तर काही बिघडत नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

वेळ आलीच, तर १०८ ला फोन करा. मीठपाणी पाजून उलटी काढू नका. बाटली लेबलासकट दवाखान्यात न्या. विषावरचा उतारा लेबलावर छापलेला असतो. पोलीसकेसच्या धाकाने 'चुकून पोटात गेलं' असे सांगत बसू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे माणूस तीव्र ताणाखाली होते असेच धरले जाते, आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते.

लेक घरी परतल्यावर पहिले काही आठवडे तिला एकटी ठेवू नका, आणि चौकशीला येणाऱ्या बायांना ओसरीवरच चहा द्या.