उंच इमारतीची पडवी

वैशाखातली दुपार आठवा. नंदुरबारला जा, शहाद्याला जा, नाहीतर तळोद्याला. पारा ४० अंशांच्या वर गेलेला असतो. पत्र्याच्या घरात जीव घाबरा होतो. मग आपण कुठे बसतो? पडवीत.

पडवीत बरे का वाटते? वर छप्पर आहे, म्हणून ऊन लागत नाही. बाजू उघड्या आहेत, म्हणून वारा लागतो. पडवीच्या सावलीमुळे घराची भिंत तापत नाही. पावसाळ्यात झड आली, तरी ती पडवीतच अडते. घर कोरडे राहते.

हे शहाणपण आपल्या वाडवडिलांचे. त्याच शहाणपणाने मुंबईत एक गगनचुंबी इमारत बांधलेली आहे. तिची ही हकिगत.

तुमच्यापैकी कुणी सुरतेला, कुणी मुंबईला बांधकामावर गेला असाल. उंच इमारती पाहिल्या असतील. शहरात माणसे फार, जमीन थोडी. म्हणून घरावर घर चढते. तुम्ही म्हणाल, "इतक्या उंचावर वारा तर भरपूर असेल की!" असतो खरा. पण ऊनही असते आणि पाऊसही असतो. त्यांना अडवायला तिथे ना झाड, ना शेजारचे घर. त्यात पुष्कळ इमारतींना काचेच्या भिंती लावतात. काचेतून ऊन आत शिरते आणि त्याची धग आतच कोंडते. मग घर गार करायला यंत्र लावावे लागते. यंत्राला वीज लागते. आपल्या राज्यात पुष्कळशी वीज कोळसा जाळून होते. म्हणजे आधी घर तापवायचे आणि मग ते निववायला कोळसा जाळायचा!

यावर ज्यांनी विचार केला, त्यांचे नाव चार्ल्स कोरिया. ते वास्तुविशारद होते. इमारत कशी असावी हे ठरवून तिचा नकाशा आखतो, तो वास्तुविशारद. कोरियांचे घराणे गोव्याचे. त्यांचा जन्म १९३० साली सिकंदराबादला झाला. मुंबईत आणि पुढे अमेरिकेत ते शिकले. परत येऊन १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचे काम सुरू केले. साबरमती आश्रमातले गांधी स्मारक संग्रहालय त्यांनीच आखले. ते १९६३ साली पुरे झाले. विटांचे खांब, वर कौले, मध्ये उघडे अंगण. खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत.

पुढे मुंबईत कंबाला हिलवर एक उंच इमारत बांधायचे काम त्यांच्याकडे आले. तिचे नाव कांचनजंगा. उंची ८४ मीटर, म्हणजे सुमारे २७५ फूट. उंच ताडाची तीन-चार झाडे एकावर एक उभी केली, तर तेवढी उंची होईल.

इथे एक पेच होता. मुंबईत गार वारा समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. पण दुपारनंतरचे कडक ऊन पश्चिमेचेच. पावसाचा माराही त्याच बाजूचा. पश्चिमेला तोंड केले, तर ऊन-पाऊस घरात. पाठ केली, तर वारा गेला. मग करायचे काय?

कोरियांनी जुन्या बंगल्यांकडे पाहिले. त्यांना चहूबाजूंनी पडव्या होत्या. तीच पडवी त्यांनी आकाशात नेली. इमारतीच्या कोपऱ्यांत घरांना मोठ्या, उघड्या गच्च्या दिल्या. प्रत्येक गच्ची दोन मजले उंच. तिच्यात झाडेही लावता येतात. राहायच्या खोल्या तिच्या मागे, आतल्या बाजूला. ऊन आणि पाऊस गच्चीत अडतात, वारा मात्र आरपार जातो. १९८३ साली इमारत पुरी झाली. ती आजही उभी आहे.

पण ती श्रीमंतांची इमारत. तिच्यात घरे फक्त ३२. मग गरिबाने काय करावे?

कोरिया म्हणत, गरिबाला उंच इमारत परवडत नाही. तिला लोखंड-सिमेंट जास्त लागते. वर जायला पाळणा लागतो, पाणी चढवायला पंप लागतो. शिवाय अंगण जाते. आपल्या हवेत अंगण म्हणजे एक खोलीच. तिथे रांधता येते, निजता येते, पोरे खेळतात.

मुंबईवरचा भार हलका व्हावा म्हणून खाडीपलीकडे नवी मुंबई वसवावी, असे १९६० नंतरच्या काळात सुचवणाऱ्यांत प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर कोरियाही होते. तिथे बेलापूरला त्यांनी बैठ्या घरांची वसाहत आखली. एका चौकाभोवती सात घरे. प्रत्येकाची जागा सुमारे ४८० ते ८०० चौरस फूट. शेजाऱ्याची भिंत वेगळी, म्हणून संसार वाढला की घर वाढवता येते. साध्या गवंड्याला बांधता येतील अशीच ती घरे होती. पुढे पुष्कळांनी ती आपल्या सोयीने बदलली.

कोरियांना २००६ साली पद्मविभूषण मिळाले. २०१५ साली ते वारले.

आता आपले पाहू. घरकुल मंजूर झाले की आपण काय करतो? कुडाची भिंत पाडतो, ती ठीक. वाळवी लागते, पावसात ती कुजते. पण तिच्याबरोबर पडवीही पाडतो. चार भिंती आणि वर पत्रा एवढेच घर उरते. पुढे तीस उन्हाळे त्यातच काढायचे असतात.

म्हणून पाया खणण्याआधी गवंड्याला तीन गोष्टी विचारा. दुपारचे ऊन कुठल्या भिंतीवर येईल? वारा कुठून आत येईल आणि कुठून बाहेर जाईल? पावसाची झड कुठल्या बाजूने मारेल? जिथे ऊन आणि झड, तिथे पडवी काढा. पक्की जमली नाही, तर बांबूची काढा. समोरासमोर दोन खिडक्या ठेवा. पश्चिमेला एक निंब लावा.

मोठ्या शहरातल्या मोठ्या माणसाने जी पडवी आकाशात नेली, ती आपण आपल्या दारातून का घालवावी?