फर्स्ट शिफ्टमधले अण्णाभाऊ

पहाटे ५. चहाला उकळी येईपर्यंत रात्री लिहिलेलं पान पुन्हा वाचतो. गोष्ट एका हमालाची आहे.

६.१०. तळोजा फेज-१ च्या नाक्यावर कंपनीची बस. बसल्या बसल्या अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ कादंबरी उघडतो. खड्ड्यांतून जाताना चारेक पानं होतात.

७. पंच केलं की हेल्मेट, सेफ्टी शूज आणि ॲल्युमिनियमच्या कॉईल. मी पॅकिंगला असतो. पत्र्याची कड ब्लेडसारखी, चामड्याच्या हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. कागद गुंडाळायचा, पट्टी आवळायची, लेबल ताडून बघायचं, मग क्रेनवाल्याला खूण. आवळताना पट्टी तुटली तर उसळून तोंडावर येते, म्हणून समोर कधी उभं राहायचं नाही.

१०. चहाची सुट्टी. बीडकडचा कंत्राटी पोरगा विचारतो, “दादा, शाळा न शिकता माणूस कादंबरी लिहितो?” त्याला अण्णाभाऊ सांगतो. १ ऑगस्ट १९२० ला वाटेगावात जन्म, शाळा जेमतेम दीड दिवस, बापाबरोबर पायी मुंबई, मग गिरणी. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक. १९५९ ला ‘फकिरा’, पुढे त्याला राज्य सरकारचा पुरस्कार. कादंबऱ्या पस्तीस. पोरगा चहा प्यायचा विसरतो.

मग आयर्लंडचा पॅट्रिक मॅकगिलही सांगतो. डोनेगलच्या गरीब घरातला, पोरवयातच मजुरीला लागलेला. स्कॉटलंडात बटाटे काढले, रेल्वेवर राबला. १९१४ च्या त्याच्या कादंबरीत किनलॉखलेव्हनच्या धरणावरचे मजूर येतात. ते धरण ॲल्युमिनियमच्या कारखान्याला वीज मिळावी म्हणून बांधलं होतं. “म्हणजे आपल्याच लायनीतला,” पोरगा म्हणतो. बरोबर बोलला. हे दोघं मजुरांची कणव करत नाहीत. त्यांचा मजूर भांडतो, प्रेम करतो, पळून जातो. म्हणून मला ते मोठे वाटतात.

१२.३०. कॅन्टीन. डाळ-भात.

३. शिफ्ट सुटते. ४ ला घरी, थोडी झोप, मुलीचा अभ्यास.

रात्री ९. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही. हमाल वखारीत पट्टी आवळतोय. तो कुठे उभा राहतो, ते आज लिहिलं.

अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ ला गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. तळोज्यातल्या युनियनवाल्यांनो, त्यांच्या आठवणीत ऑफिसात कामगारांसाठी पुस्तकांचं एक कपाट ठेवा. पहिलं पुस्तक ‘फकिरा’ असू दे, आणि शेजारी दोन-चार कोऱ्या वह्याही.