केसांना चटका न देता बटा

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे मांडव उभे राहायला लागतात. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की हल्ली एक विषय हमखास निघतो, मुलीला केस कुरळे करून हवे आहेत. पूर्वी नवरीचा खोपा किंवा अंबाडा घातला, वर गजरा माळला की झालं. आता हळदीला आणि साखरपुड्याला मोकळ्या बटा हव्यात. मग तालुक्याच्या पार्लरची फेरी होते, नाहीतर बाजारातून गरम मशीन आणून घरीच प्रयोग सुरू होतात. मोकळे केस पाहून आजी नाक मुरडते ते वेगळंच! आज आपण वीज न लावता, चटका न देता एका रात्रीत बटा कशा पाडायच्या ते बघू. केस कंबरेपर्यंत लांब असतील, तर माझ्या मते हाच मार्ग धरावा. का, ते आधी सांगते.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच्या थोडा वर वाढतो. म्हणजे कंबरेपर्यंत आलेल्या केसाचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं. तुमची सातवीतली मुलगी पहिलीत होती, तेव्हा ते टोक तिच्या डोक्यातून बाहेर आलं. तेव्हापासून त्याने ऊन, धूळ, बोअरचं जड पाणी, फणी सगळं सोसलंय. कातडी भाजली तर ती पुन्हा भरून येते, पण डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. तो जळला की जळला. कुठलंही तेल किंवा क्रीम त्याला पुन्हा जोडत नाही, फक्त वरून गुळगुळीत करतं. कापणं एवढाच उपाय उरतो, आणि कापलं की पाच वर्षांची वाढ एका कात्रीत जाते.

कुरळे करायच्या मशीनचं तापमान बहुतेक 180 ते 200 अंशांच्या आसपास असतं, काहींचं त्याहून जास्त. पाणी 100 अंशांना उकळतं. धुतलेले केस नीट वाळायच्या आत मशीन लावलं, तर केसाच्या आतलं पाणी उकळून त्याची वाफ होते आणि केसात बारीक पोकळ्या पडतात. तिथेच तो तुटतो. चर्र असा आवाज येतो ना, तो हाच. शिवाय घाईत कपाळाला, मानेला चटका बसतो आणि हळदीच्या फोटोत तो डाग दिसतो.

मग उष्णतेशिवाय केस वळतो कसा? केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. आपली नखं आणि गाईची शिंगंही त्याचीच. या प्रथिनाच्या धाग्यांना एकमेकांशी धरून ठेवणाऱ्या दोन प्रकारच्या गाठी असतात. काही पक्क्या असतात. पार्लरमधलं पर्मिंगचं किंवा रीबाँडिंगचं औषध त्या तोडतं. काही कच्च्या असतात, त्या नुसत्या पाण्याने सुटतात आणि केस वाळला की पुन्हा बसतात. वाळताना केस ज्या आकारात असेल, त्याच आकारात बसतात. दमट लुगडं घडी घालून गादीखाली ठेवलं तर सकाळी त्यावर कडक घडी पडलेली असते, तसंच हे. म्हणून बटेला लागतं ते पाणी आणि वेळ. पाणी गेल्याशिवाय बट पडत नाही, आणि पुन्हा पाणी लागलं की ती सुटते. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

आता कृती. सगळ्यात जास्त बिघडतं ते केसांच्या ओलाव्यात. न्हाऊन आल्या-आल्या ओले केस गुंडाळले, तर दाट लांब केस रात्रभरात आतून वाळतच नाहीत. सकाळी सोडले की तासाभरात सरळ. पुन्हा मशीन आठवतं! त्यापेक्षा सकाळी न्हा, केस दिवसभरात पूर्ण वाळू द्या. संध्याकाळी गुंता काढून घ्या. मग इस्त्रीवाला कपड्यावर पाणी शिंपडतो तसं, कानाच्या खालच्या केसांवर थोडं पाणी शिंपडा. मुळं कोरडीच ठेवा. हात लावला की गार लागले पाहिजेत, पण मुठीत दाबले तर एक थेंबही पडता कामा नये. डोक्याची कातडी रात्रभर ओली राहिली तर कोंडा वाढू शकतो, शिवाय ओला केस ताणला की लवकर तुटतो. त्या दिवशी तेल लावू नका. तेलाने केस जड होतात आणि बट खाली उतरते. खोबरेल लावायचंच तर न्हाण्याच्या आदल्या रात्री लावा, तेव्हा ते केसांना खरंच उपयोगी पडतं.

जवस असेल तर आणखी चांगलं. अर्धी वाटी जवस अडीच-तीन वाट्या पाण्यात मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत उकळा. पाणी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं तार धरायला लागलं की लगेच पातळ फडक्यातून गाळा. थांबलात तर इतकं घट्ट होतं की गाळताच येत नाही. गार झालेलं हे बुळबुळीत पाणी चमचाभर घेऊन केसांवर चोळलं की बट जास्त वेळ टिकते. फ्रीज नसेल तर दोन दिवसांत संपवा, नंतर वास येतो.

गुंडाळायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडा. पट्टी तीन बोटं रुंद आणि दीड-दोन वीत लांब असली की पुरे. केसांची एक बट घ्या, टोक पट्टीच्या मधोमध ठेवा आणि टोकापासून वर गुंडाळत न्या. टोक दुमडलेलं राहिलं तर सकाळी ते वाकडं दिसतं, म्हणून सुरुवात सावकाश करा. वर पोचलं की पट्टीची दोन टोकं एकमेकांत बांधा. कंबरेपर्यंतच्या दाट केसांना अशा बारा ते सोळा गुंडाळ्या लागतात. बट जितकी बारीक घ्याल तितकी ती घट्ट वळेल आणि लवकर वाळेल. लांब केस स्वतःच्या वजनानेच बट खाली ओढतात, म्हणून हवी त्यापेक्षा थोडी घट्टच वळवा.

इतक्या गुंडाळ्यांचा कंटाळा येत असेल तर एक ओढणी पिळून तिची दोरी करा. ती डोक्यावरून आडवी घेऊन दोन्ही कानांवरून खाली सोडा. एकेका बाजूचे केस तिच्याभोवती पीळ देत थोडे-थोडे गुंडाळत न्या आणि शेवटी रिबिनीने बांधा. याने मोठ्या, सैल बटा येतात. नुसत्या लहरी हव्या असतील तर चार-सहा तिपेडी वेण्या घालून झोपलं तरी चालतं. एकच वेणी घातली तर लहरी फक्त खालच्या अर्ध्यात येतात. लहान मुलींना मात्र ओढणीची पद्धत करू नका. झोपेत कापड गळ्याभोवती येऊ शकतं. त्यांना वेण्याच बऱ्या.

गुंडाळी पक्की असावी, पण डोकं ठणकता कामा नये. कानशिलाजवळचे केस रोज ओढले गेले तर तिथे विरळ होतात आणि काही बायकांचे मग परत येत नाहीत. म्हणून हे समारंभापुरतंच करा, रोज नको. झोपताना डोक्याला जुन्या साडीचा मऊ तुकडा बांधा.

सकाळी आधी एकच गुंडाळी सोडून बघा. हाताला गार लागली तर अजून ओल आहे, बाकीच्या बांधून ठेवा आणि थोडा वेळ उन्हात बसा. थंडीच्या दिवसांत दुपारपर्यंतही थांबावं लागतं. पूर्ण वाळल्या की ज्या दिशेने गुंडाळल्या त्याच्या उलट सोडत या, ओढू नका. फणी लावायची नाही. तळहातावर दोन थेंब खोबरेल चोळून बोटांनीच बटा मोकळ्या करा. सुरुवातीला बटा फारच वळलेल्या दिसतात, घाबरू नका. तासाभरात त्या सैल पडतात. म्हणून वेळ बघून सोडा. मुहूर्त गोरज असेल तर दुपारपर्यंत पट्ट्या तशाच ठेवा आणि वर स्कार्फ बांधा.

पावसाळ्यात हे फारसं टिकत नाही. हवेतच पाणी असतं, ते बटा सोडवतं. कोकणातल्या मैत्रिणींना हे जास्त जाणवेल. तेव्हा सरळ अंबाडा घाला. त्यातही वळवलेल्या केसांचा उपयोग होतोच. ते फुगतात, त्यामुळे अंबाडा भरीव दिसतो आणि पिना घसरत नाहीत. एक वेगळी गोष्ट : केस मूठभर गळत असतील आणि सोबत दम लागत असेल, थकवा असेल, तर बटांच्या नादी लागण्याआधी आशाताईंना विचारून उपकेंद्रात रक्त तपासून घ्या.

गटातल्या पार्लरचं शिक्षण घेतलेल्या मुली मला विचारतात, "ताई, सगळ्यांनी घरीच केलं तर आम्ही कमवायचं काय?" मी म्हणते, लांब केसांच्या स्वतःच्या डोक्यावर सोळा गुंडाळ्या घालणं सोपं नाही. मागच्या बाजूला हात पुरत नाही. आदल्या संध्याकाळी नवरीच्या घरी जाऊन गुंडाळून द्या, सकाळी सोडून सजवून द्या, आणि दोन्ही फेऱ्यांचे पैसे आधी ठरवून घ्या. वीज गेली तरी तुमचं काम अडत नाही. गरम केल्यावर डोळ्यांत पाणी आणणारी केस सरळ करायची औषधं बंद खोलीत वापरू नका. त्यांतल्या काहींतून फॉर्मल्डिहाइडचा वायू निघतो, तो घशाला आणि डोळ्यांना त्रास देतो. गिऱ्हाइकाला तो एकदाच लागतो, तुम्हाला रोज. पट्ट्या मात्र प्रत्येक नवरीला वेगळ्या. उवा कापडातूनही जातात. वापरलेल्या पट्ट्या कढत पाण्यात भिजवा आणि कडक उन्हात वाळवूनच पिशवीत ठेवा.