तुमच्या दुकानातलं बॅटन कुठे पडतंय?



आज सुरुवात एका गणिताने करूया. महिलांच्या 100 मीटर शर्यतीचा विश्वविक्रम 10.49 सेकंदांचा, 1988 पासून फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनरच्या नावावर. अशा चार जणी एकामागे एक पळाल्या तर 41.96 सेकंद लागतील, बरोबर? पण 4 बाय 100 मीटर रिलेचा विक्रम आहे 40.82 सेकंद! अमेरिकेच्या चौघींनी तो 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये केला.

हे कसं काय? पहिली सोडली तर बाकी तिघी उभ्या जागेवरून सुरुवात करत नाहीत. मागची ठरलेल्या खुणेवर आली की पुढची सुटते आणि पळता पळताच बॅटन घेते. म्हणजे देवाणघेवाण नीट झाली की टीम एकेकट्या खेळाडूंच्या बेरजेपेक्षा वेगवान होते.

आणि नीट नाही झाली तर? 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाची मार्जोरी जॅक्सन 100 आणि 200 मीटर दोन्ही जिंकली होती. रिलेतही त्यांची टीम जोरात होती. पण अंतिम फेरीत शेवटच्या देवाणघेवाणीला बॅटन पडलं. ऑस्ट्रेलिया पाचवी.

त्याच हेलसिंकीत आपली वांद्र्याची मेरी डिसोझाही पळाली होती. तिच्या प्रवासाचे पैसे मित्रमंडळी आणि शेजारपाजाऱ्यांनी कार्यक्रम करून जमवले होते. भांडवल नाही म्हणून थांबलेल्यांनी हे लक्षात ठेवा! 1951 ला दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत रिलेमध्ये जपान पहिला आला आणि मेरीच्या टीमला रौप्य मिळालं. पण 1954 ला मनिलात मेरी, मूळची गोव्याची स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि ख्रिस्तीन ब्राउन या चौघींनी 49.5 सेकंदांत सुवर्ण आणलं. तीन वर्षांत रौप्याचं सोनं!

आता माझी गोष्ट. संगमनेरला माझं डिस्पोजेबल आणि पॅकिंगच्या वस्तूंचं दुकान आहे. लग्नसराईत एका केटररचा फोन आला, उद्या लोणीला माल हवा. मी नगरला निघाले होते. जाता जाता काउंटरवरच्या मुलाला सांगितलं, "उद्या लोणीचा माल आहे रे." त्याने संध्याकाळच्या मुलाला सांगितलं. किती नग, किती वाजता, हे कोणीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी पोचली तेव्हा पहिली पंगत उठली होती. तीन वर्षांचं गिऱ्हाईक त्या दिवशी तुटलं.

मी मुलांवर खूप ओरडले. रात्री शांत बसल्यावर कळलं की दोघंही आपापलं काम करत होते. बॅटन मीच हवेत सोडलं होतं. बीबीएला कामाची वाटणी शिकले होते, पण दोन कामांच्या मधली जागा कोणाची, हे त्या पंगतीने शिकवलं.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो.

1. खूण. धावपटू ट्रॅकवर पट्टी चिकटवतात, तशी आमची एकच ऑर्डर वही. नाव, नग, वेळ, गाव, ॲडव्हान्स. वहीत नाही ती ऑर्डर नाही.

2. हद्द. आज रिलेत बॅटन 30 मीटरच्या पट्ट्यातच द्यावं लागतं. बाहेर दिलं तर पहिल्या आलात तरी बाद. आमचा पट्टा म्हणजे पाळी बदलतानाची 10 मिनिटं. जाणारा तेव्हाच सांगणार, चालत्या गाडीवरून नाही. हा नियम मलाही लागू!

3. पकड. पुढचीने पकडल्याशिवाय मागची सोडत नाही. घेणारा मुलगा ऑर्डर परत म्हणून दाखवतो आणि सही करतो. मगच देणारा मोकळा.

खर्च किती? एक वही आणि एक पेन.

तुम्ही म्हणाल, "ताई, आमच्याकडे कुठे स्टाफ आहे? मी आणि मिसेस, बास." अहो, मग तर बॅटन जास्तच पडतं! घरात "तुला सांगितलं होतं की" हे वाक्य आठवड्यातून किती वेळा ऐकू येतं, ते मोजा.

आजचं काम: मागच्या महिन्यात तुटलेलं एक गिऱ्हाईक आठवा. माल खराब होता, की निरोप मधेच पडला? उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि उद्या दुकान उघडताना वाचा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!